ते बाहेर गेलेत

दिवेलागणीच्या सुमाराला घरतांच्या घरात फोन वाजायचा. फोन दयारामचा होता, आणि दयारामला जाऊन वर्ष भरत आलं होतं.

त्याची बायको कल्पिता तुळशीपुढं ठेवायचा दिवा तसाच हातात धरून आत यायची, फडताळावरचा फोन उचलून कानाला लावायची. पलीकडे एक बाई असायची. रोज तीच असेल असं नाही, पण आवाज रोज सारखा, हसरा, कशाचीच घाई नसलेला.

"नमस्कार. दयाराम घरत बोलतायत का?"

"ते बाहेर गेलेत."

"कधी येतील?"

"येतील."

एवढं झालं की फोन खाली, दिवा तुळशीपुढं. ओटीवर बसलेली ठमी, दयारामची आई, तेवढा वेळ डोळे गच्च मिटून घ्यायची. फोन ठेवल्यावरसुद्धा लगेच उघडायची नाही. रस्त्यानं कुणी चालत येतंय का, ह्याचा कानोसा घेत राहायची.

खाडीच्या ह्या बाजूच्या चार-दोन गावांत एक रीत आहे. माणूस गेला की वर्षश्राद्ध होईपर्यंत घरातलं कुणी त्याचं नाव घेत नाही, आणि तो मेला असंही तोंडानं म्हणत नाही. कुणी विचारलंच तर बाहेर गेलाय म्हणायचं. जाणाऱ्याची वाट लांबची असते. मागून नावानं हाक आली तर तो वळून बघतो, आणि वळला की पुन्हा पहिल्यापासून चालणं आलं. भटजींनी कितीदा सांगितलं की बाबांनो, हे शास्त्रात नाही. गाव मान डोलावून ऐकतं आणि आपलंच करतं.

त्यामुळे साऱ्या गावात दयारामला नावानं हाक मारणारं एकच कुणीतरी उरलं होतं. ते गावातलं नव्हतं, आणि हाक मारायचं एक दिवस विसरत नव्हतं.

दयाराम बंदरावर ट्रेलर चालवायचा. गाडी स्वतःची, कर्ज काढून घेतलेली. कंटेनर उतरवायला गेटबाहेर रांग लागली होती, पुढची गाडी सरकली आणि ह्याची सरकली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या दिल्या. मग कुणीतरी केबिनवर चढून बघितलं. इंजिन चालू होतं, हात स्टिअरिंगवर होता आणि चेहरा असा की आत्ता काहीतरी बोलेल.

कर्ज घेताना कंपनीनं विमा गळ्यात मारला होता. कर्जदाराला काही झालं तर उरलेलं कर्ज विमा भरेल, असा तो विमा. दयाराम तेव्हा कुरकुरला होता. तो गेल्यावर धाकटा भाऊ प्रज्योत मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या उरणच्या ऑफिसात गेला. तिथल्या माणसानं चहा पाजला, कागद ठेवून घेतले आणि आता निर्धास्त राहा म्हणून सांगितलं. घर निर्धास्त राहिलं. ट्रेलरवर ड्रायव्हर ठेवला, गाडीच्या भाड्यावर कल्पिताचं घर आणि तिच्या मुलीची, अमिषाची शाळा चालली.

मधल्या काळात त्या कंपनीनं आपली बरीच कर्जं गठ्ठ्यानं दुसऱ्या कंपनीला विकून टाकली. त्या गठ्ठ्यात दयारामचं कर्ज होतं. तसा एक इंग्रजी मेसेज त्याच्याच फोनवर येऊन पडला होता. तो वाचणार कोण? कल्पिता फोन रोज चार्ज करायची, पण उघडून बघायची नाही. पूर्वी तो कामावरून आला की ती फोन चार्जिंगला लावायची, म्हणून अजूनही लावायची.

नव्या कंपनीच्या लेखी विमा नव्हता, दाखला नव्हता. होता तो फक्त दयाराम, हप्ते थकवणारा आणि रोज संध्याकाळी बाहेर गेलेला.

मग चपलांचं सुरू झालं.

दयारामच्या चपला ठमीनं कुणाला दिल्या नव्हत्या. वर्षश्राद्धाला ब्राह्मणाला द्यायच्या, तोवर उंबऱ्याबाहेर ठेवायच्या, टोकं रस्त्याकडे करून. जाणाऱ्याला सोपं पडावं म्हणून. एका सकाळी ती अंगणात आली तर चपलांची टोकं घराकडे होती. एखादा बाहेरून येतो, चपला काढतो आणि आत शिरतो, तशा. तिनं त्या फिरवून ठेवल्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

प्रज्योत म्हणाला, कुत्र्यानं ओढल्या असतील. ठमीनं चपला पुन्हा रस्त्याकडे फिरवल्या. कुत्रं चपला जोडीनं लावून ठेवत नाही हे त्यालाही कळत होतं.

"तो येतोय," ती म्हणाली. "ती बाई रोज बोलवते, तो रोज वलतो. बिचाऱ्याची वाट सरत न्हाय."

तिनं संध्याकाळचं जेवण सोडलं. फोन वाजायच्या आधीच ओटीवर येऊन बसायची आणि आकाश काळं होईपर्यंत हलायची नाही. अंगणापलीकडे, मिठागर बुजवून केलेल्या भरावावर ट्रेलर उभा असायचा. ड्रायव्हर गाडी बंद करून घरी गेला तरी केबिनकडून डिझेलचा आणि दयारामच्या तंबाखूचा वास येतो, असं ती सांगायची. प्रज्योत एकदा मुद्दाम जाऊन उभा राहिला. डिझेलचा येत होता. तंबाखूचा येत नाही असं त्यानं स्वतःला बजावलं आणि भरभर घरी आला.

अशात अल्पेश आला. वसुलीच्या एजन्सीत कामाला लागलेला, पलीकडच्याच गावचा पोरगा. मोटारसायकल झाडाखाली लावून अंगणात उभा राहिला तर ठमीनं विचारलं, "कोनाचा रं तू?" त्यानं सांगितलं. त्याची आजी ठमीबरोबर मिठागरावर जायची. मग काय, पाणी झालं, चहा झाला, आजीचे गुडघे झाले. आपण कशाला आलोय हे सांगायची त्याला हिंमत होईना. शेवटी तो प्रज्योतला घेऊन ट्रेलरच्या आडोशाला गेला.

प्रज्योतनं त्याला विम्याचं सगळं सांगितलं, दाखल्याची प्रत दाखवली. अल्पेशनं ती वाचली आणि परत दिली. हा जुन्या कंपनीला दिलात, म्हणाला, आमच्याकडे आलेल्या माहितीत हा माणूस जिवंत आहे. आणि तुमच्याच घरातून रोज सांगतात की ते बाहेर गेलेत, येतील. त्याचं रेकॉर्डिंग आहे. साहेब म्हणतात, माणूस लपवून ठेवलाय.

प्रज्योतनं दाखल्याची घडी घातली. रीत समजावून सांगावी तरी कुठल्या साहेबाला?

"दादा, एक मार्ग आहे," अल्पेश म्हणाला. "खातं तुमच्या नावावर करून घ्या. फॉर्म आणलाय. सही केलीत की त्यांच्या नावानं फोन बंद. तुमच्या नावानं येतील." त्यानं फॉर्म प्रज्योतच्या हातात दिला. "नाहीतर शनिवारी गाडी ओढून नेतील. मी नसेन. पनवेलची माणसं असतील."

गाडी नेतील हे ऐकून प्रज्योतला धास्ती वाटली. पण त्याच्या मनात घर केलं ते आधीच्या वाक्यानं. त्यांच्या नावानं फोन बंद. आई जेवेल. दादाची वाट सरेल.

प्रज्योत कंटेनर यार्डात कारकून होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तो फॉर्म जेवणाच्या सुट्टीत कामावरच्या जोडीदाराला, भागोजीला दाखवला. भागोजीनं डबा बाजूला ठेवून तो दोनदा वाचला.

"हे कर्ज तुझं नाय, त्याचा विमा हाय, आनि तू आपल्या हातानं गळ्यात घालून घेतोस. सही करतोस की नवस फेडतोस?"

प्रज्योत म्हणाला, नवसच समज.

त्या आठवड्यात हनुमानाच्या देवळात सप्ताह होता. शुक्रवारी उतरत्या उन्हात चौलच्या नीराबाईंचं कीर्तन. गाव त्यांना माई म्हणायचं. आवाज आता थोडा चिरकायचा, पण त्या उभ्या राहिल्या, टाळ वाजला, मृदंगावर पहिली थाप पडली की सभामंडपातली कुजबुज आपोआप निवायची. ठमी खांबाला टेकून पुढं बसली होती. कल्पिता बायकांच्या मागच्या रांगेत. प्रज्योत दारापाशी, खिशात घडी घातलेला फॉर्म. कीर्तन संपलं की सही करायची, सकाळी अल्पेशला द्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

माईंनी आख्यान लावलं ते मिठागराचं. एका शेठनं दुसऱ्या शेठकडून मिठागर विकत घेतलं. मागच्या शेठच्या वेळी बांध फुटला होता, तेव्हा एक गडी भगदाडात चिखल भरता भरता वाहून गेला. मागच्या शेठनं त्याच्या बायकोला शब्द दिला होता, दर साली मिठाची एक रास तुझी. ती बाई नव्या शेठकडे गेली, तर तो म्हणाला, मी मीठ विकत घेतलंय, शब्द घेतलेला नाही. बाई परतली. बांधावर जाऊन बसली. मग उधाण आलं, जुन्या भगदाडाच्या जागी पाणी झिरपायला लागलं. शेठ धावत आला आणि पाण्यावरच ओरडला, हे भगदाड माझं नाही, मागच्या शेठचं आहे.

माईंनी हात वर केला. मृदंग थांबला.

"बायांनो, पाण्यानं काय म्हटलं असेल?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

"पाणी म्हणालं, शेठ, आगरातलं मीठही मागच्या शेठच्या वेळचंच होतं. ते कसं उचललंस?"

मंडप हसला. प्रज्योत हसला नाही. तो रोज यार्डात व्यापाऱ्यांना हेच सांगायचा. माल जहाजावर असतानाच हातोहात विकला जातो, आणि नवा मालक खिडकीशी येऊन भांडतो की भाडं चढलं ते जुन्याच्या वेळचं, मी का भरू. प्रज्योत त्याला शांतपणे सांगायचा, शेठ, कंटेनर घेतलात ना, मग त्याचं सील, त्याचं भाडं, त्याचा दंड सगळं घेतलंत. आणि स्वतःच्या भावाच्या बाबतीत त्याला हे एकदाही सुचलं नव्हतं. कंपनीनं कर्ज विकत घेतलं, तर त्याच्या अंगावरचा विमाही तिच्याकडे आला. कर्जदाराला जो आधार कालपर्यंत होता तो विक्रीनं जात नाही.

तोवर माई आख्यानातून नामाकडे वळल्या होत्या. आवाज खाली आणून बोलत होत्या, घरात बोलावं तसं.

"नावाला भिऊ नका. आपण देवाला नावानं हाक मारतो, तो वळतो. म्हणून काय तो अडकला? नाव अडकवत नाही बायांनो. नावाबरोबर आपण खोटं बोलतो ना, ते अडकवतं. खरं नाव खऱ्या मनानं घ्या. घेणारा सुटतो, आणि ज्याचं घेतलं तोही सुटतो."

मागच्या रांगेतून कल्पिता उठली. आरती व्हायची होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती बाजूच्या दारानं निघून गेली. प्रज्योतनं बाहेर बघितलं. ऊन गेलं होतं. फोनची वेळ झाली होती. तो तिच्या मागोमाग निघाला.

घराच्या वळणावर त्याचे पाय थांबले. अंगणात कल्पिता एकटीच होती. उंबऱ्यापाशी वाकून तिनं दयारामच्या चपला उचलल्या, पदरानं पुसल्या, आणि टोकं घराकडे करून, जोडी नीट जुळवून, खाली ठेवल्या.

"वहिनी."

ती दचकली नाही. चपलांपाशीच खाली बसली.

"आई म्हणतात, ते फिरवतात," ती म्हणाली. "मीच फिरवते, भावजी."

प्रज्योत ओटीच्या कडेला बसला. तिनंच सांगितलं, तुटक तुटक. गाव नाव घेत नाही, सासू नाव घेत नाही, अमिषासुद्धा बाबा म्हणायला बिचकते. ती फोनवरची बाई तेवढी रोज विचारते, ते आहेत का, कधी येतील. सगळ्या जगात एकट्या तिच्या लेखी ते अजून आहेत. येतील असं म्हणताना, फोन ठेवेपर्यंतचा तेवढा वेळ, कल्पितालाही ते खरं वाटायचं. मग येतील म्हटलंय तर चपला तशा असायला हव्यात, म्हणून ती त्या फिरवायची.

आत फोन वाजायला लागला.

प्रज्योतनं खिशातून फॉर्म काढला. सांगितलं, ह्यावर सही केली की ती दादाला विचारायची बंद होईल, माझं नाव विचारील. उद्या गाडी न्यायला येणारी माणसंही येणार नाहीत.

कल्पितानं पहिल्यांदा मान वर केली.

"मग तुम्ही कुठं गेलात म्हणून सांगू?"

फोन वाजत होता. प्रज्योतला ते डोळ्यांपुढं दिसलं. आपलं नाव ह्याच घरात, ह्याच वेळेला, त्याच हसऱ्या आवाजात, वर्षानुवर्षं. आणि ही वहिनी दिवा हातात धरून उत्तर देतेय. त्यानं फॉर्मची घडी केली आणि पुन्हा खिशात ठेवली. सही करण्यासाठी नव्हे.

कल्पिता आत गेली. फोन घेऊन उंबऱ्यात आली आणि आवाज मोठा केला.

"नमस्कार. दयाराम घरत बोलतायत का?"

तिनं फोन दोन्ही हातांत धरला. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच तिनं हे नाव घेतलं होतं.

"दयाराम घरत," ती म्हणाली. थांबली. "दयाराम घरत वारले. मी त्यांची बायको बोलते. बाहेर गेलेत, येतील, असं मीच सांगत होते. ते खरं नव्हतं. ते यायचे नाहीत."

पलीकडची की-बोर्डची टकटक थांबली. मग तोच आवाज आला, पण हसू गळून पडलेला. एखाद्या मुलीचा वाटावा असा.

"मॅडम, मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," कल्पिता म्हणाली आणि फोन प्रज्योतच्या हातात दिला.

प्रज्योतनं विचारलं, हे रेकॉर्ड होतंय ना. हो म्हटल्यावर तो यार्डाच्या खिडकीत बोलायचा त्या सुरात बोलला. कर्जाला विमा होता, तो कर्जाबरोबर तुमच्याकडे आलाय. दाखला जुन्या कंपनीकडे दिलेला आहे, आज पुन्हा तुम्हाला पाठवतो. तुमचं आणि त्यांचं काय ते तुम्ही आपसात बघा. मी कशावरही सही करणार नाही. गाडीला हात लावायचा नाही, ह्या घरात फोन करायचा नाही, जे काय असेल ते लेखी कळवा. नाही ऐकलंत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाईल. मुलगी सगळ्याला हो सर, हो सर म्हणत राहिली. शेवटी हळूच म्हणाली की मी नोंद करते, ग्राहक हयात नाहीत.

त्यानं मागं वळून बघितलं तेव्हा अंगणात ठमी उभी होती. तिच्या मागं माई. आरतीनंतर दुःखातल्या घरी चार शब्द बोलायला म्हणून ठमीबरोबर आल्या होत्या. दोघींनी किती ऐकलं होतं कोण जाणे. चपला घराकडे तोंड करून पडल्या होत्या आणि कल्पिता त्यांच्याकडे बघत होती. ठमीनं तिच्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. रागावेल असं प्रज्योतला वाटलं. ठमी हळूहळू खाली बसली आणि सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"त्यानं ऐकलं असंल?" तिनं माईंना विचारलं.

"ऐकलं असेल."

"वलला असंल?"

"वळला असेल," माई म्हणाल्या. "पण ह्या वेळी त्याला कुणी बोलावलं नाही ठमीबाई. निरोप दिला."

त्या रात्री ठमी जेवली.

शनिवारी प्रज्योत रजा टाकून ट्रेलरच्या पायरीवर बसून राहिला. भागोजीही येऊन बसला, बरोबर पत्ते घेऊन. पनवेलहून कुणी आलं नाही. संध्याकाळी अल्पेशचा फोन आला. वरून थांबायला सांगितलंय, म्हणाला. आजीला ठमीआजीकडे कधी आणू, हेही त्यानं आठवणीनं विचारून घेतलं. पुढं कागदांचं चऱ्हाट चाललंच. जुनी कंपनी म्हणायची पाठवले, नवी म्हणायची मिळाले नाहीत. महिना गेला तरी धड उत्तर येईना तेव्हा तक्रार खरोखर लोकपालाकडे गेली. मग उरणच्याच ऑफिसात, चहा पाजला होता त्या टेबलाच्या कपाटात, विम्याचे कागद जसेच्या तसे सापडले. विम्यानं कर्ज भरलं. वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर गाडी मोकळी झाली.

फोन मात्र त्या शुक्रवारनंतर वाजला नाही. दिवेलागणीला घर इतकं गप्प व्हायचं की खाडीतल्या पाण्याचा चढ ऐकू यायचा. पहिले काही दिवस कल्पिता दिवा घेऊन फडताळापाशी थबकायची. फोन चार्ज करायचं तिनं थांबवलं नाही.

चपलांना तिनं पुन्हा हात लावला नाही. त्या शुक्रवारी घराकडे तोंड करून ठेवल्या होत्या, तशाच राहिल्या. ठमीलाही फिरवायचं मन होईना. राहू दे, म्हणाली, वर्षाच्या दिवशी तिनंच उचलाव्या.

वर्षश्राद्धाच्या दिवशी कल्पिता पहाटेच उठली. आज नाव घ्यायची मोकळीक होती. अंगण झाडायला दार उघडलं आणि ती तिथंच उभी राहिली. तिनं ठमीला हाक मारली. ठमी आली. प्रज्योत आला.

चपलांची टोकं रस्त्याकडे होती. जोडी जुळवलेली नव्हती. डावी चप्पल उजवीच्या पुढं होती, चालायला लागलेल्या माणसाची असावी तेवढी.

कल्पितानं सासूकडे बघितलं. ठमीनं मान हलवली, मी नाही. प्रज्योतनंही हलवली. अमिषा अजून झोपलेली होती.

ट्रेलरकडून वारा आला. त्याला नुसता खाडीचा वास होता.

"दयाराम," ठमी म्हणाली. हाक नव्हती ती. लेकराला पाळण्यात निजवताना म्हणावं तसं. रस्त्यावर काही वळलं नाही. मग तिनं कल्पिताच्या हातातला झाडू काढून घेतला आणि चपला सोडून बाकीचं अंगण झाडायला लागली.